म्हाताऱ्या पेशी

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद असतो ना, जो कोणी म्हणजे कोणी वाचत नाही, तो मराठीत मी लिहिते. हसू नका, बावीस वर्षं त्यावरच माझं घर चाललंय. आणि लिहिलेलं प्रत्येक वाक्य मी मोठ्यानं म्हणून बघते. म्हणताना जीभ अडखळली की वाक्य बदलायचं, अशी माझी पद्धत. शेजारीण त्यावरून मला 'रेडिओ' म्हणते.

त्या आठवड्यात एका कॅप्सूलचा कागद आला होता. फळांच्या सालीत, पानांत सापडणारं कुठलंसं फ्लेव्होनॉइड तिच्यात भरलेलं, आणि खोक्यावर लिहायचं होतं 'पेशींच्या निरोगी वार्धक्यासाठी'. आता पेशीही म्हाताऱ्या होतात हे लोकांना समजावायचं म्हणजे नुसती डोकेफोड. कंपनीचं म्हणणं असं, की काही पेशी थकल्या की काम थांबवतात, पण मरत नाहीत. तिथेच बसून राहतात आणि आसपासच्या धडधाकट पेशींना त्रास देतात. त्या कमी व्हायला या कॅप्सूलची मदत होऊ शकते. 'होऊ शकते' हे माझं, त्यांना 'होतेच' हवं होतं. मी म्हटलं, होतेच ना, मग खाली सही करा. 'होऊ शकते'च राहिलं.

घरात मी आणि मावशी, दोघीच. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मावशीनंच मला वाढवलं, स्वतः लग्न केलं नाही, इस्पितळाच्या चादरी शिवायचं काम तीस वर्षं केलं. आता अठ्ठ्याहत्तरची आहे. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, पण ते मान्य करेल तर शपथ. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडली, तेव्हा मी तिचं काही एक न ऐकता तिला माझ्याकडे घेऊन आले.

मंगळवारी दुपारी कंपनीतल्या बाईंचा फोन आला. मावशी पलीकडच्या खोलीत आडवी झाली होती, दार उघडंच होतं. मी सवयीप्रमाणे खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, "म्हाताऱ्या पेशी काम करत नाहीत, मरतही नाहीत. नुसत्या जागा अडवून बसतात." बाई खूश. त्यांनी विचारलं, एकदम काढून टाकायचं का त्यांना?

"छे, एकदम नाही," मी म्हटलं. "हळूहळू. कोणाला कळणारही नाही."

मग 'हकालपट्टी' हा शब्द चालेल का, यावर आमची दहा मिनिटं गेली. मला तो भलताच आवडला होता. बाईंना उद्धट वाटला. दोन-तीनदा तो वेगवेगळ्या चालीत म्हणूनही दाखवला मी.

संध्याकाळी मावशी अर्धंच जेवली. बरं वाटत नाही का, विचारलं तर म्हणाली, "मला काय धाड भरलीय." मीही कामाच्या नादात होते, जास्त खोदून विचारलं नाही.

सकाळी मामाचा फोन. मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, बसनं तीन तासांवर राहतो. "अगं, ताई आज येतेय म्हणाली. किती दिवस राहणार आहे?"

मी फोन तसाच खाली ठेवून तिच्या खोलीत गेले. बाईसाहेब पलंगाच्या कडेला बसलेल्या, पायांत चपला, मांडीवर भरलेली पिशवी. अंथरुणाच्या चादरीची घडीसुद्धा घालून ठेवलेली.

"हे काय?"

"निघाले. तुझी जागा मोकळी करते."

माझा पारा चढला. "मावशी, सकाळी सकाळी डोकं फिरवू नकोस. काय झालं ते नीट सांग!"

"मी काही बहिरी नाही," ती शांतपणे म्हणाली. "म्हाताऱ्या मावशी काम करत नाहीत, मरतही नाहीत, नुसत्या जागा अडवून बसतात. हळूहळू काढायचं, कळणारही नाही. हकालपट्टी. सगळं ऐकलं मी. परक्या बाईपुढे निदान 'करत नाहीत' असं आदरानं तरी बोललीस."

आधी मला काहीच कळेना. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला आणि मी फिस्सकन हसले. हसायची वेळ नव्हती, पण करते काय! धावत जाऊन कागद आणला, तिच्या नाकावर चष्मा चढवला, ओळीवर बोट ठेवलं. "पेशी! पेशी गं माझे आई! शरीरातल्या पेशी!"

तिनं ओठ हलवत दोनदा वाचलं. मग "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला आणि खांदे हलेपर्यंत हसली. ठसका लागला, मी पाणी दिलं. माझा जीव भांड्यात पडला. "चल, आण ती पिशवी इकडे," म्हणून मी पिशवीचे बंद धरले.

तिनं पिशवी सोडली नाही.

"ऐकण्यात माझी चूक झाली," ती म्हणाली. "पण काल दुपारपासून माझ्या मनात एकदाही आलं नाही, की माझी पोर असं बोलणार नाही. ऐकलं आणि लगेच खरं वाटलं मला."

"अगं, पण का?"

"दोन वर्षांत या घरात मी एक कप विसळलेला नाही. सुरी घेतली की काढून घेतेस. झाडू घेतला की ओरडतेस. कपडे वाळत घालायला गेले की मागून खुर्ची आणतेस. आल्यागेल्याला सांगतेस, मी हिला काडी उचलू देत नाही. कौतुकानं सांगतेस, कळतं मला. पण मी दिवसभर करू काय गं? बसू तरी किती?"

मी तिला जपते आहे अशी माझी समजूत होती, आणि ती बिचारी दोन वर्षं हे गिळत बसली होती. मला लाज वाटली, फार लाज वाटली, आणि मग रडूच कोसळलं. तिनं रडू दिलं मला. डोळे पुसायला आली नाही, आणि ते बरोबरच होतं.

"पिशवी भरलेलीच राहू दे," शेवटी ती म्हणाली. "आठ दिवस बघते. मग ठरवीन." आणि चपला काढून स्वयंपाकघरात गेली.

तिनं बटाटे सोलायला घेतले. हात थरथरतो तिचा. सालीबरोबर अर्धा बटाटा जात होता, आणि सुरी अंगठ्याच्या अगदी जवळून फिरत होती. दोनदा मी उठले आणि दोनदा परत बसले. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात पुन्हा मामाचा फोन. "अगं, निघाली की नाही ताई? दे बघू तिला."

"आत्ता नाही देता येणार, मामा," मी म्हटलं. "मावशी कामात आहे."