मुद्दाम बिघडवलेला पंखा

मी एक जुना टेबलफॅन आहे, मित्रांनो, आणि मी बिघडलेला आहे असे कुणी म्हटले की मला अजूनही राग येतो. मी कधी बिघडलो नाही. मला बिघडवण्यात आले, तेही पुन्हापुन्हा आणि अगदी मन लावून. त्याचीच ही हकिकत आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तांब्याची तार गुंडाळणाऱ्या बायकांनी माझ्या पोटात गुंडाळी बसवली, कुणी पाती लावली, कुणी जाळी घट्ट केली. पहिल्यांदा मान फिरवली तेव्हा सारे हसले, कारण मी त्यांना 'नाही, नाही' म्हणतो आहे असे त्यांना वाटले. ती सवय जन्माची आहे, त्यात माझा काही दोष नाही. पुढे एका शिंपीणबाईंच्या घरी मी बरीच वर्षे काढली. उकाड्यात त्यांचे कापड उडू नये इतपत हळू आणि त्यांना घाम येऊ नये इतपत जोरात फिरणे सोपे नव्हते. "याच्यासारखा पंखा शोधून सापडायचा नाही," असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तेव्हा मी किती फुगलो असेन, ते विचारू नका.

एकदा तेलपाण्यासाठी त्यांनी मला नानांच्या दुरुस्तीच्या दुकानात ठेवले आणि त्याच सुमारास त्या मुलाकडे दूर गावी राहायला गेल्या. मला न्यायला कुणी आलेच नाही.

नाना म्हणजे मिक्सर, इस्त्री, पंखा, पंप, काहीही हातात घेतले तरी त्याला बोलते करणारा माणूस. त्यांची थोरली बहीण अक्का गल्ल्याशी बसून गिऱ्हाईक सांभाळायची. दुकानात नवा कारागीर घ्यायचा झाला की नाना मला फळीवरून काढत, मागचे झाकण उघडत, मला फिरायला पहिला धक्का देणाऱ्या कंडेन्सरची काळी वायर सोडवत आणि झाकण पुन्हा लावून मला उमेदवारापुढे ठेवत. "बघ, फिरतोय का." मी नुसता गुणगुणायचो. ज्याला वायर सापडली, तो पास. अशी नानांची परीक्षा आणि मी प्रश्नपत्रिका. सुरुवातीला मला त्याचा अभिमानही वाटे, कारण दोनतीन चांगले कारागीर माझ्यामुळेच दुकानाला मिळाले आणि पुढे त्यांनी स्वतःची दुकाने थाटली.

मग नानांचा उजवा अंगठा बधिर झाला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, की आता डाग देण्याचे, म्हणजे कथील वितळवून तारा जोडण्याचे, काम बंद. दुकान तर लोकांच्या वस्तूंनी भरलेले. हाताशी चांगला माणूस मिळाला नाही तर दुकान दुसऱ्याला देऊन टाकावे लागणार होते. नाना तसे बोलत नसत, पण संध्याकाळी शटर ओढताना ते आत बघत उभे राहायचे. मला त्यांची फार काळजी वाटायची.

दारावर पाटी लागली, 'अनुभवी कारागीर पाहिजे'. माणसे येऊ लागली आणि येईल तो मला झटक्यात चालू करू लागला. कुणी तर मला नीट पाहायच्या आधीच मागच्या झाकणाला हात घालायचा. कारण सोपे होते. समोरच्या सुट्या भागांच्या दुकानात साऱ्या कारागिरांची ऊठबस, आणि तिथे माझे नावच पडले होते, 'काळ्या वायरवाला'. नाना सोडून साऱ्या गल्लीला प्रश्नपत्रिका पाठ होती!

पहिला निवडला त्याने एका बाईंचा मिक्सर जाळला. दुसऱ्याचे काम बरे होते, पण तो आठवडाभरात डबा उचलून जो गेला तो परत आलाच नाही. नाना चिडले. "आजकाल माणसंच मिळत नाहीत, अक्का."

"माणसं दारात येतात रे. तू त्यांना पंखा दाखवतोस," अक्का म्हणाली. "आणि आपल्याकडे काय काम आहे, ते तरी कुणाला सांगितलंस का कधी?"

तिने पाटी उतरवली आणि नवी लिहिली. कोणत्या वस्तू दुरुस्तीला येतात, दुकान किती वाजता उघडते, जड सामान उचलावे लागते, बसायला खुर्ची आहे, आणि शिकवणारा माणूस तापट आहे पण मनाने चांगला आहे. शेवटचे वाक्य नानांनी दोनदा पुसले, तिने तीनदा लिहिले. एवढ्यावर ती थांबली नाही. दुकान सोडून गेलेल्या जुन्या कारागिरांकडे ती स्वतः जाऊन आली. तुमच्या माहितीत कुणी असेल तर सांगा, म्हणाली.

त्यातल्याच एकाने सांगितले म्हणून एक बाई आल्या. पंपाच्या कारखान्यात गुंडाळीचे काम केलेल्या. मधली काही वर्षे आईच्या आजारपणात घरी होत्या. ते ऐकून नानांनी तोंड वाकडे केले, आणि मला उचलून पुढे ठेवले.

"बघा बाई, फिरतोय का."

बाईंनी स्क्रूड्रायव्हर उचललाच नाही. "तक्रार काय आहे याची?"

"फिरत नाही, हीच."

"कधीपासून? आधी आवाज करायचा का? वापरतं कोण?"

नाना गोंधळले. इतक्या वर्षांत माझी चौकशी कुणी केली नव्हती, मित्रांनो. मला भरून आले.

मग त्यांनी मला उघडले, वायर बघितली आणि हसल्या. "ही कुणीतरी मुद्दाम काढलीय." वायर जोडली, पण चालू न करता बोटाने पाते हळूच फिरवले. "याचं खरं दुखणं वेगळंय, नाना. दांडा ज्यात फिरतो तो बुश झिजलाय, म्हणून दांडा डगडगतोय. उघडून उघडून स्क्रूचे आटे गेलेत. असाच चालवला तर गुंडाळी जळेल."

नानांनी वाकून दांडा हलवून पाहिला. जो दोष त्यांनी स्वतः केला होता, तेवढाच ते तपासत आले होते. माझ्याकडे बघायचे राहूनच गेले होते.

"आता मी एक विचारू?" बाई म्हणाल्या. "आधीचा माणूस का गेला?"

अक्कानेच सांगितले, "त्याने बंद केलेलं प्रत्येक झाकण हा पुन्हा उघडून बघायचा. कुणाला आवडेल?"

"मग माझी एक अट आहे," बाई म्हणाल्या. "मी बंद केलेलं तुम्ही उघडायचं नाही. शंका आली तर मला विचारायचं."

नाना आपला बधिर अंगठा चोळत राहिले. नाही म्हणाले असते तर या बाईही गेल्या असत्या, आणि त्यांच्यामागून दुकानही.

"या उद्यापासून," ते शेवटी म्हणाले.

बाईंनी पहिले काम माझेच हाती घेतले. नवा बुश, नवे स्क्रू. झाकण बंद केले आणि नानांचा हात सवयीने स्क्रूड्रायव्हरकडे गेला. हात थांबला.

"बुशला तेल दिलंत का?" नानांनी विचारले.

"दिलं," बाई म्हणाल्या.

नानांनी हात खिशात घातला. तेव्हा मला खरे हायसे वाटले.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, कुणी कामासाठी माणूस शोधाल, कुणी त्याच्यासमोर जाऊन बसाल. मला एवढेच सांगायचे आहे, की फक्त वायर सोडवून ठेवू नका. काय काम आहे ते खरे सांगा, समोरच्याला विचारा आणि त्यालाही विचारू द्या. माणूस पारखताना आपलीही पारख होत असते, ती होऊ द्या.

दुकान चालू आहे. काम वाढले म्हणून परवा आणखी एक उमेदवार आला, घामाने डबडबलेला. बाईंनी मला फळीवरून काढले तेव्हा मला वाटले, आता पुन्हा वायर सुटणार. पण त्यांनी झाकणाला हातही लावला नाही. मला त्याच्याकडे तोंड करून ठेवले, बटण दाबले आणि म्हणाल्या, "आधी जरा वारा घ्या. मग बोलू."