सोनूबाईंच्या अक्षरातला जॅझ

नागावचा नामा ट्रम्पेट वाजवतो, हे अलिबागपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. वारा तिकडे वाहत असला तर ऐकूही जातं. पोलीस बँडातून निवृत्त झाल्यापासून तो आणि त्याची बायको सोनूबाई घरच्या खोल्या पर्यटकांना देतात. यंदा किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टने जॅझची संध्याकाळ ठरवली आणि आमच्या गावच्या बँडला बोलावलं. आम्ही ते लगेच गावभर केलं. जॅझ म्हणजे काय, ते नंतर विचारलं.

अडचण रिसॉर्टमधल्या सरावाला कळली. नामाचा पुतण्या निकेत सॅक्सोफोन वाजवतो. त्याने संगणकावर सुबक नोटेशन छापून आणलं होतं. रेघा केसासारख्या, नोटा मोहरीएवढ्या. रिसॉर्टमध्ये अंधाराला वातावरण म्हणतात. त्या वातावरणात नामा भलत्याच ओळीत शिरला आणि परत आलाच नाही.

मॅनेजर गोड आवाजात म्हणाला, "कार्यक्रमात असं नको व्हायला. नाहीतर आम्ही ट्रम्पेट मुंबईहून मागवू."

"काका, चष्मा बदला," निकेत म्हणाला.

"चष्मा नवा हाय. नोटाच म्हाताऱ्या झाल्यात."

निकेतने शोधाशोध केली. जॅझवाले पूर्वी जाड निबाने हातानेच लिहीत, मंद उजेडातही एका नजरेत वाचता यावं म्हणून. त्यामुळे आता संगणकातही हाताने लिहिल्यासारखे फॉन्ट मिळतात. तसा एक परदेशी फॉन्ट वापरून त्याने पुन्हा छापून आणलं. नामाने कागद लांब धरून पाहिला.

"बरा हाय. पन ह्यो मानूस आपल्या वळखीचा न्हाय."

तेवढ्यात सोनूबाईंनी पडवीतल्या फळ्यावर खडूने लिहिलं: 'खोली तीन, बिनतिखट. नारल आना. लवकर.' नामा अंगणाच्या पार टोकाला, चष्मा कपाळावर. तरी मुकाट उठला आणि नारळ आणायला गेला. निकेत बघत राहिला. सबंध संसारात काकाने हे अक्षर एकदाही चुकीचं वाचलं नव्हतं. तेवढी हिंमत आमच्या आळीत कोणातच नाही.

"काकी, ह्या नोटांच्या खुणा आणि ही सगळी अक्षरं जरा तुझ्या हाताने काढून दे ना."

सोनूबाई जाड पेन घेऊन बसल्या. "आनि ह्यो काय, बोंबील वालत घातलाय?"

"ती विश्रांतीची खूण. तिथं गप्प बसायचं."

"मंग ती तुज्या काकाला बरोब्बर वाचता येल."

निकेतने त्या हस्ताक्षराचा फॉन्ट केला आणि सगळं नोटेशन त्यात छापलं.

कार्यक्रमाला आम्ही इस्त्रीचे कपडे घालून गेलो. वातावरण नेहमीसारखंच काळंकुट्ट होतं. नामा मात्र ओळीमागून ओळ अशी वाचत गेला, की जणू उशीर झाला तर जेवण मिळणार नाही. मग एका जागी नोटाच संपल्या. नुसत्या तिरक्या रेघा आणि वर सोनूबाईंच्या अक्षरात चार शब्द: 'इथं तुमच्या मनाचं वाजवा.'

जॅझमध्ये अशी मोकळी जागा ठेवतात. सरावाला नामा इथवर पोचलाच नव्हता. आणि या अक्षरात अशी सूचना त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याने घाबरून पहिल्या रांगेकडे बघितलं.

"वाजवा की!" सोनूबाई ओरडल्या. "लिवलंय न्हवं?"

मग नामा सुटला. असं वाजवलं की मॅनेजर ट्रे हातात घेऊन उभाच राहिला आणि आमची आळी खुर्च्यांवरून उठली. शेजारचे पाहुणे सोनूबाईंकडे वळून म्हणाले, "काय वाजवतात हो!"

सोनूबाईंनी पदर सारखा केला.

"अक्षर माजं हाय."