अंगठ्यातली गाठ

"निघाली! गाठ निघाली!" कुणीतरी किंचाळलं आणि बंद पडलेल्या गोदामात जमलेली पाचशे माणसं एकदम हुंदके देऊ लागली. व्यासपीठावर बाबांनी रक्ताळलेली चिमूट उंच धरली होती. समोर खुर्चीतल्या म्हाताऱ्याच्या गळ्यावर साधा ओरखडाही नव्हता.

"ना सुरी, ना टाका!" बाबा माइकवर गरजले. "डॉक्टर छाती फाडतो, पोट फाडतो आणि शेवटी एक कागद फाडून हातात देतो, मृत्यूचा दाखला! मी नुसता हात फिरवतो!"

पुढचा नंबर माझ्या दाजींचा होता.

दाजी म्हणजे धिप्पाड वेल्डर. चार महिन्यांपूर्वी घास छातीत अडकायला लागला. आता पाणीही घोटाघोटानं उतरायचं. अन्ननलिकेचा कॅन्सर. सर्जन बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. छाती उघडायची नाही. लहान लहान छिद्रांतून दुर्बीण आणि अवजारं आत घालायची, आजारी नळी काढायची, जठराचीच नळी करून मानेपर्यंत वर आणायची आणि जोडायची. "मोठं ऑपरेशन आहे, धोका आहे," त्या म्हणाल्या. "पण गाठ अजून पसरलेली नाही."

दाजींनी ऐकलं ते एवढंच, की धोका आहे.

"बाई खात्री देत नाही. बाबा देतात," ते म्हणाले.

मी चिकनच्या दुकानातला खाटीक. म्हटलं, "खात्री तर मीही देतो दाजी, प्रत्येक कोंबडी कोवळी आहे म्हणून."

ताई हसली. दाजी हसले नाहीत. त्यांना एकटं कसं सोडणार, म्हणून आम्ही दोघं सोबत आलो.

बाबांनी दाजींचा जबडा उघडला आणि चार बोटं घशात खुपसली. दाजी ओकारी देऊ लागले, हातपाय झाडू लागले. दोन सेवकांनी त्यांना खुर्चीत दाबून धरलं. "पाप बाहेर येतंय!" बाबा ओरडले आणि मूठ आणखी आत रेटली. दाजींचा चेहरा जांभळा पडला. या खेपेला ओठांतून आलेलं रक्त खरं होतं.

"सोडा त्यांना! मरतील ते!" ताई धावली. एका सेवकानं तिच्या केसांना धरून तिला फरफटत मागे ओढलं. मी त्याच्या नाकावर डोकं हाणलं. ताई सुटली, थेट बाबांवर झेपावली आणि त्यांच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला.

अंगठा तुटून तिच्या तोंडात आला.

ताईनं तो थुंकला. रबराचा अंगठा, आतून पोकळ! त्यातून लाल पाणी सांडलं आणि बदामाएवढा मांसाचा तुकडा घरंगळला. बाबांचा खरा अंगठा जागेवर शाबूत होता. मी तुकडा उचलला. कडेला पित्ताचा हिरवा डाग.

"ही कोंबडीची कलेजी आहे!" मी ओरडलो. "वीस वर्षं हेच साफ करतोय मी!"

पाठीत लोखंडी गज बसला. दुसऱ्या फटक्यानं बरगडी मोडली, आवाज मला ऐकू आला. मी पडलो, पण मूठ उघडली नाही.

तेवढ्यात एक बाई पुढे आली. दोन महिन्यांपूर्वी याच खुर्चीत तिच्या नवऱ्याच्या घशातली गाठ 'निघाली' होती. त्यानं औषधं सोडली आणि उपाशी तडफडून गेला. "श्रद्धा कमी पडली म्हणालात ना?" असं म्हणत तिनं सेवकाच्या हातातला गज हिसकावला आणि बाबांच्या गुडघ्यावर घातला. मग सगळी गर्दीच तुटून पडली. मघाशी पाया पडणारे आता तोंडावर लाथा घालत होते.

मी रांगत जाऊन बाबांवर आडवा झालो. त्यांची दया आली म्हणून नव्हे. "मारू नका! आज हा मेला, तर उद्या याचं देऊळ बांधाल! पोलिसांत द्या. जिवंत राहून सगळ्यांसमोर सांगू दे, कसं फसवलं ते!"

तिसरी लाथ मला बसली. चौथी आली नाही. बाबांना पोलिसांच्या हवाली केलं.

दाजींचा फाटलेला घसा भरायला वेळ लागला, ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. सात तास चाललं. नंतर मानेतला जोड थोडा गळला, दवाखान्यात तीन आठवडे जास्त राहावं लागलं. सर्जन बाईंनी काहीच लपवलं नाही. काढलेली नळी दाखवली, तपासणीचा अहवाल वाचून दाखवला. आता दाजी थोडं थोडं, सावकाश खातात. "पुढची पाच वर्षं तपासत राहू," बाई म्हणतात. खात्री त्या अजूनही देत नाहीत.

म्हणून सांगतो, जो म्हणेल की धोका मुळीच नाही, त्याला तिथंच अडवा. काढलेली गाठ तपासायला मागा. मागच्या वर्षी बरे केलेले आज कुठं आहेत, त्यांचे पत्ते मागा. भोवतीचे डोळे वटारतील, आवाज कापेल. कापू दे. तरी विचारा.