ना बाभळीच्या भावकीत, ना शिरीषाच्या

मित्रांनो, मी एक जुना वृक्ष आहे. कोणता, ते मात्र विचारू नका. ते अजून कुणालाच छातीठोकपणे सांगता आलेले नाही.

ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या आतल्या कोरड्या मुलखात, एका खडकाळ टेकडीवर मी राहतो. वणव्याने माझे टणक बी तडकले आणि पुढच्या पावसात मी उगवलो. माझ्या भावंडांचे खांब करून इथल्या लोकांनी कुंपणे घातली. त्या खांबांना वाळवी शिवत नाही, म्हणून आमची वाहवा झाली. वाहवेपाठोपाठ कुऱ्हाडी येतात, हे आम्हाला तेव्हा कळले. पुढे लोखंडी खांब आले आणि सगळे आम्हाला विसरले. ते बरेच झाले.

मला शेंगा येतात, म्हणून मी तुमच्या बाभळी-शिरीषांच्या मोठ्या कुळातला, एवढे नक्की. पण भावकी कोणती? त्यावर शहाण्यांचे एकमत नाही. मला फूल येते ते मोठ्या पावसानंतर, आणि तेव्हा इथले रस्ते चिखलाने बंद असतात. रस्ता वाळेपर्यंत फुले गळून जातात. आता फूल न पाहता माझी भावकी ठरवणार कशी?

हे कोडे कागदावरच राहिले असते, पण दुष्काळ पडला. मर्ना आणि क्लेम हे बहीणभाऊ या रानाचे मालक. त्यांची गुरे हाडांवर आली. आसपासचा खाण्याजोगा पाला संपला आणि हिरवे असे टेकडीवर आम्हीच मूठभर उरलो. एके दिवशी आम्हाला पाडून गुरांना पाला घालायला क्लेम बुलडोझर घेऊन वर आला. मर्नाने त्याच्यापुढे आपली गाडी आडवी घातली.

"थांब. थिया येतेय शहरातून. झाडं ओळखणं हेच तिचं काम आहे. तिला बघू दे आधी."

थिया आली. तिने माझी पाने चुरगाळून हुंगली, शेंग उघडून भिंगातून पाहिली.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "एका भावकीचा पाला गुरांना चालतो. दुसरीत एक झाड असं आहे, की त्याचा पाला खाल्लेलं जनावर पाणी पिऊन चार पावलं चालतं आणि कोसळतं. हे कुठल्या बाजूचं, ते फुलाशिवाय मी सांगणार नाही."

"फुलाला पाऊस हवा. आणि पाऊस आला तर पाला हवाय कुणाला?" क्लेम म्हणाला. "म्हणजे वरातीमागून घोडं."

"असेल. पण ही झाडं मी दुसरीकडे कुठंही पाहिलेली नाहीत. पाडलीत, तर संपली."

मर्नाने माझ्या फांद्यांकडे पाहिले. मग म्हणाली, "डचेसला खाऊ घालते."

डचेस तिची म्हातारी गाय. बाटलीने दूध पाजून तिने ती वाढवली होती.

"तुझी लाडकी कशाला? दुसरी घे," क्लेम म्हणाला.

"दुसऱ्या धड उभ्या राहत नाहीत. चालवून बघायचं, तर चालणारी नको?"

तिने माझी एक फांदी तोडली आणि डचेस अधाशासारखी खाऊ लागली. माझा जीव टांगणीला लागला. पाला विषारी निघाला तर मी वाचणार होतो. गोड निघाला तर माझी मुळे आभाळाकडे होणार होती. मी विषारीच असावे, असे मला वाटले. पण खाताखाता तिने आपली खपाटीला गेलेली कूस माझ्या खोडाला टेकवली, आणि ते मागणे मला मागवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला पाणी पाजले आणि उतारावरून चालवले. कुंपणापाशी तिचे पुढचे गुडघे वाकले आणि ती खाली बसली.

"पुरे झालं, मर्ना," क्लेम हळूच म्हणाला आणि गाडीतली बंदूक आणायला वळला.

मर्ना जागची हलली नाही. डचेसने मान झटकली. मागचे पाय रोवून ती उठली, वळली आणि चढ चढू लागली. उरलेली फांदी खायला ती माझ्याचकडे येत होती.

मला आनंद झाला, मित्रांनो. खरेच झाला. तेवढ्यात बुलडोझर सुरू झाल्याचा आवाज आला.

"बंद कर ते," मर्ना म्हणाली. "आपण छाटू."

"छाटायचं कुणी? तू, या दुखऱ्या कमरेनं? खाली गुरं मरतायत."

"पाडलं तर एकदाच खातील. छाटलं तर फुटेल आणि पुन्हा खातील. पाऊस कधी येणार, तुला ठाऊक आहे?"

क्लेमने बुलडोझर बंद केला. कुरकुरत त्याने करवत काढली.

रोज थोड्या फांद्या जात. फार दुखे. काही गुरे तरीही मेली, पण बरीच तगली आणि आमची खोडे उभी राहिली. अखेर पाऊस आला आणि माझ्या खुंटांवर फुले आली. रस्ते बंद होते, पण मर्ना इथेच होती. तिने फुले वर्तमानपत्रात घालून पिठाच्या पोत्याखाली दाबून ठेवली.

मित्रांनो, ज्याची ओळख पटलेली नाही, ते टाकाऊ नसते. गरज पडली तर फांदी घ्या, पण खोड राखा. एवढेच माझे मागणे आहे.

रस्ता वाळल्यावर थिया आली. तिने फूल भिंगाखाली बराच वेळ धरले आणि मान हलवली.

"अजूनही नक्की नाही. कदाचित याची भावकीच वेगळी मांडावी लागेल. वेळ जाईल."

"जाऊ दे," माझ्या खोडावर हात ठेवून मर्ना म्हणाली. "हे झाड आता कुठं जात नाही."