तीन गुणांची तक्रार

"अहो, सहा खटके डावीकडे. वारा वाढलाय," दुर्बिणीला डोळा लावलेली बायको म्हणाली.

"हं," म्हणून काटेवाल्यांनी रायफलवरची, नेम डावी-उजवीकडे सरकवायची चकती तीन खटके फिरवली.

बायको जरा वाढवून सांगते, हा त्यांचा छत्तीस वर्षांचा अनुभव होता. मुलीचा ताप असो, येणारे पाहुणे असोत की बाजारातली गर्दी असो, तिच्या आकड्याचं निम्मं केलं की खरं उत्तर मिळे. वाऱ्याच्या बाबतीत मात्र ती कधीच चुकलेली नव्हती. पण हे त्यांच्या लक्षात दर वेळी गोळी सुटल्यावर येई.

काटेवाले म्हणजे दुकानोदुकानी फिरून वजनकाटे दुरुस्त करणारे गृहस्थ. पारडं रिकामं असताना काटा शून्यावर आणून द्यायचा, हा जन्मभराचा धंदा. उरलेल्या वेळात ते नऊशे मीटरवरच्या फळ्याला नेम धरून पालथे पडत. एकतीस वर्षं पडत होते. पहिल्याच वर्षी त्यांनी हौसेने बैठकीच्या भिंतीत ढालीसाठी खिळा ठोकला होता. ढाल काही आली नाही. खिळ्यावर छत्री लटकत होती. आणि यंदा खांद्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "ही शेवटची स्पर्धा. यापुढे धक्के फक्त घरच्यांचे खायचे."

नऊ गोळ्यांत बेचाळीस गुण झाले होते. बेकरीवाल्या बाई दहा गोळ्यांत सेहेचाळीस करून केव्हाच थर्मास उघडून बसल्या होत्या. म्हणजे या शेवटच्या गोळीला पुरते पाच मिळाले, तर ढाल.

शेजारच्या आठ नंबरवर दंतवैद्य पडले होते. नऊ वेळचे विजेते. त्यांच्याकडे वारा मोजायचं यंत्र होतं, कोपराखाली घ्यायची गादी होती, आणि 'माझी गोळी चुकत नाही, वारा चुकतो' असं म्हणायची सवय होती.

दोघांच्या गोळ्या एकाच क्षणी सुटल्या.

दूर खंदकात बसलेल्या माणसांनी काटेवाल्यांचा सात नंबरचा फळा भोक बघायला खाली ओढला. आठ नंबरचा मात्र, आमंत्रण न मिळालेल्या पाहुण्यासारखा, जागच्या जागी उभा राहिला. मग खंदकातून फोन आला : सातवर दोन भोकं. एक पाचाचं, एक तिनाचं. आठ कोरा.

दंतवैद्यांनी शेजाऱ्याच्या फळ्यावर गोळी मारली होती! या खेळात याहून मोठी नामुष्की नाही. दुखरा दात सोडून त्याच्या शेजारचा उपटावा, त्यातलाच प्रकार. दंतवैद्य आपल्या यंत्राकडे संशयाने बघू लागले.

सेक्रेटरी, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, नियमांची वही घेऊन धावत आले. "दोन भोकं असली की मोठा गुण फळ्याच्या मालकाचा! काटेवाले, अभिनंदन! सत्तेचाळीस!"

टाळ्या झाल्या. काटेवाले पालथेच होते. त्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. गोळी जाताना हवेत पाण्यासारखी रेघ थरथरते आणि मागून दुर्बिणीत ती क्षणभर दिसते, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

"काय दिसलं गं?"

"छत्रीला दुसरी जागा शोधावी लागेल, असं दिसतंय."

"ते नव्हे. गोळी."

बायकोने दुर्बिणीवर टोपण बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं. "खटके किती घेतलेत?"

"तीन."

"मग मला कशाला विचारता?"

काटेवाले उठले, गुडघे झटकले. "साहेब, माझे तीन लिहा."

"तीन लिहिता येत नाहीत," सेक्रेटरी म्हणाले.

"का?"

"नियमात मोठा गुण आहे. कमी मागणारा आजवर आलाच नाही, तर त्याचा नियम कोण करणार?"

"काटा चुकीचा दाखवत असेल तर दुरुस्त करायचा की नाही?"

"करायचा, पण लेखी तक्रार आल्यावर." पोस्टमास्तरांनी खिशातून छापील अर्ज काढला. ते अर्जाशिवाय घराबाहेर पडत नसत.

काटेवाल्यांनी तक्रारदाराच्या रकान्यात स्वतःला लिहिलं. 'कोणाविरुद्ध' या रकान्यापाशी थोडे थबकले, मग तिथेही स्वतःलाच लिहिलं. तक्रारीचं स्वरूप : 'मला दोन गुण जास्त मिळाले आहेत.'

"साक्षीदार?" सेक्रेटरींनी विचारलं. "नाहीतर अर्ज बाद, ढाल तुमची."

आता सगळे बायकोकडे बघू लागले. एकतीस वर्षं ती घडीचं स्टूल, दुर्बीण आणि डबा घेऊन या माळावर येत होती. दर वर्षी बक्षीस समारंभाला नवी साडी नेसायची आणि दुसऱ्याच्या बायकोसाठी टाळ्या वाजवायची. आजही नेसली होती. तिने पदर नीट केला, अर्ज हातात घेतला, दोनदा वाचला.

"पेन द्या," ती म्हणाली. सही करून खाली तिने स्वतःहून एक ओळ लिहिली : 'तीनसुद्धा जेमतेम आहेत.'

पंचेचाळीस. ढाल बेकरीवाल्या बाईंना गेली. दंतवैद्यांना शून्य मिळालं, पण दिवसभर त्यांच्याइतकं आनंदी कोणी नव्हतं. "पाच माझेच होते, लेखी आहे!" असं ते भेटेल त्याला सांगत होते. समारंभात बायकोने नेहमीसारख्या टाळ्या वाजवल्या. बेकरीवाल्या बाईंनी ढाल बगलेत मारून तिला आधी चहा दिला, मग फोटोला उभ्या राहिल्या.

परतताना काटेवाल्यांनी रायफलची पेटी या हातातून त्या हातात घेतली.

"सहा घेतले असते तर?" त्यांनी विचारलं.

"मधोमध."

"नक्की?"

"निम्मं धरा हवं तर."

काटेवाले इतके हसले की खांदा दुखला. घरी पोचल्यावर त्यांनी रायफल पुसली, तेल लावलं, पेटीत ठेवली आणि पेटी कपाटावर सारली. तेवढ्यात बायकोने खिळ्यावरची छत्री काढून दाराआड उभी केली. मग पिशवीतून घडी केलेला कागद काढला. अर्जाची स्थळप्रत होती, पोस्टमास्तरांच्या शिक्क्यासकट. तिने ती खिळ्याला टोचली, दोन पावलं मागे सरली आणि एक डोळा मिटून पाहिलं.

"जरा डावीकडे," ती म्हणाली.

काटेवाल्यांनी कागद डावीकडे कलवला. या वेळी ती सांगेल तेवढा.