मी पेटलो नाही तो दिवस

मी एक जुना टेस्टर आहे. पिवळी मूठ, पोटात काचेचा चिमुकला दिवा. भोपाळच्या नेहरू नगरात, शशिकलाकाकूंच्या टेबलाच्या खणात राहत आलो. मित्रांनो, माझ्यामुळे एक माणूस गेला. तेच सांगायचं आहे.

काकूंचे यजमान नीळकंठराव मूळचे नागपूरचे, सरकारी खात्यात तंत्रज्ञ. बिट्टन मार्केटातून त्यांनी मला पारखून घेतलं. मुठीला तडा नाही ना, दांड्यावरचं प्लॅस्टिक टोकापर्यंत आहे ना, किती व्होल्टपर्यंत चालेल ते छापलंय ना, सगळं पाहिलं. दुकानदार वैतागला, "अंकल, सोना खरीद रहे हो क्या?" घरी येताच त्यांनी मला फ्रिजच्या बोर्डावरच्या चालू सॉकेटमध्ये घातलं, मागच्या टोपीवर बोट टेकवलं आणि मी पेटलो. "गुणी आहे," ते म्हणाले.

सुरुवातीला ते नेमाने तसंच करत. आधी चालू सॉकेट, मग काम. पुढे माझ्यावर भिस्त बसली आणि ती सवय सुटली. शिवाय रंगाच्या डब्यांची झाकणंही माझ्याच टोकाने उचकटायची. "आमचा टेस्टर हरकाम्या आहे!" ते ऐकून मी वेडा फुगायचो. एका दिवाळीत झाकण हलेना, त्यांनी जोर लावला आणि माझ्या पोटात काहीतरी खुट्कन सुटलं. बाहेरून ओरखडाही दिसत नव्हता.

पुढच्या एप्रिलात कूलर काढला, तर पंप चालेना. त्यांनी बटण बंद केलं, प्लग मात्र काढला नाही. ओल्या फरशीवर बसून मला पंपाच्या तारेच्या उघड्या जोडाला लावलं. तारेत करंट होता. मला तो कळला. मी जिवाच्या आकांताने धडपडलो, पण दिवा पेटला नाही.

"बंद आहे गं!" त्यांनी आत हाक दिली आणि तार हातात धरली.

किंकाळी ऐकून काकू धावत आल्या आणि घाबरून बोर्डावरची बटणं दाबत सुटल्या. शेजाऱ्यांनी मेन स्विच बंद केला, पण तोवर सगळं संपलं होतं.

मग लोकांत कुजबुज सुरू झाली. टेस्टरने बंद दाखवलं, तर करंट आला कुठून? नंतर कुणीतरी बटण चालू केलं असणार. घरात काकूंशिवाय दुसरं कोण होतं? आपण बटण किंकाळीच्या आधी दाबलं की नंतर, हे काकूंना आठवेना. सहा वर्षं रोज दिवेलागणीला त्या कूलरच्या बटणासमोर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "अहो, मी आधी दाबलं का हो?" खणात पडल्या पडल्या मी ते ऐकायचो. उत्तर मला ठाऊक होतं. सांगायला तोंड नव्हतं.

यंदा लेक रसिकाने कूलर दुरुस्तीला शैलेंद्र नावाचा इलेक्ट्रिशियन बोलावला. काकूंनी मला पुढे केलं, "यांचा आहे. हाच वापर."

त्याने मला आधी फ्रिजच्या बोर्डावरच्या चालू सॉकेटमध्ये घातलं. मी काळाच राहिलो.

"आंटी, ये तो मरा हुआ है!" त्याने खिशातला स्वतःचा टेस्टर तिथेच लावला. तो लखलखला. मग तोच कूलरच्या तारेला लावला. बटण बंद होतं, तरी लाल उजेड! "किसी ने बटन गलत तार पे डाला है. बंद करो, तब भी करंट आता रहेगा."

रसिकाने आईचा हात घट्ट धरला. "आई, म्हणजे बाबांनी तार धरली तेव्हा करंट होताच. तू बटण दाबलंस की नाही, त्याने काहीच बदललं नसतं."

"सहा वर्षं गं," काकू एवढंच म्हणाल्या आणि पोटभर रडल्या. मीही रडलो असतो.

शैलेंद्र मला कचऱ्याच्या डब्यात टाकणार, तोच रसिका म्हणाली, "ऐसे मत फेंको भैया, कोई उठा लेगा. तोड़ दो." किती शहाणी पोर!

मित्रांनो, टेस्टर पेटला तर करंट आहे असं समजा. पेटला नाही म्हणून करंट नाही, असं मात्र कधीच मानू नका. घरातल्या मोठ्यांना सांगा, प्लग काढा, टेस्टर कामाआधी चालू सॉकेटमध्ये तपासा, तारेला लावून झाल्यावर पुन्हा तपासा आणि मेन बंद करूनच तार हातात धरा. टेस्टरने झाकणं उचकटू नका.

शैलेंद्रने पक्कड उघडली आहे. मला भीती वाटत नाही. नीळकंठरावांनी त्या दिवशी एकदा, फक्त एकदा, माझ्यावर संशय घ्यायला हवा होता.