करंजाच्या खोडावरची रेघ

वैशाखात करंज फुलला की खाली फुलं पडायचा एक आवाज येतो. लाह्या फुटल्यासारखा, पण लांबच्या चुलीवर. त्या आवाजात मला सरवदे मॅडम दिसतात. तळ्याकाठच्या करंजापाशी उकिडव्या बसलेल्या, डाव्या हातानं पदर सावरलेला, आणि उजव्या हाताची चार बोटं खोडाच्या बुंध्याला आडवी टेकवलेली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई झाडाच्या पाया पडतीय. मॅडम कुणाच्या पाया पडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या पाणी वाचत होत्या.

मला वाचता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. शाळेनं मला दुसरीत सोडलं. मी शाळेला सोडलं असतं तर जरा इज्जत तरी राहिली असती. हे पण मी बोलतोय आणि लेक फोनात लिहून घेतीय, मधेच "पप्पा, हळू" म्हणती. आयुष्यात मला कुणी हळू हो म्हणायची ही पहिलीच वेळ. एरवी सगळे "किशन, हल की जरा" म्हणणारे.

पण माझं कामच न हलायचं होतं. हैदराबादच्या तळ्यांमधून गाळ काढायला, काठावर बांधायला परवानगी देणारं जे हापीस, तिथं मी पट्टी धरायचो. चौदा फुटी लाकडी पट्टी, तिच्यावर लाल-काळे आकडे. मॅडम तिकडं यंत्राच्या दुर्बिणीतून बघायच्या, वहीत आकडा लिहायच्या, आणि त्यावरून जमीन किती उंच, किती खोल ते ठरायचं. सगळी अक्कल त्यांच्या टोकाला, माझ्या टोकाला नुसतं उभं राहणं. बायको म्हणायची, "खांबाला कुणी पगार देत नाही, तुला देतात. नशीब काढलंस."

यंत्र जुनं होतं, त्यात सगळं उलटं दिसायचं. एकदा मॅडम डोळा पुसत म्हणल्या, "किशनराव, सहा वर्षं झाली, तुम्ही मला डोकं खाली पाय वर असेच दिसता."

"घरी पण असंच मत हाये, मॅडम."

हसल्या. त्यांचं हसणं आवाजाचं नव्हतं. तळाशी मासा वळला की वर एक गोल उठतं आणि पसरत पसरत काठाला येऊन विरतं, तसं ते ओठापासून निघून कानापर्यंत जायचं आणि मग कपाळावरच्या पांढऱ्या केसांत हरवायचं.

आम्ही बोललो कमी, हातांनी जास्त. दोनशे पावलांवरून माणसाचा आवाज पोचत नाही, वारा खातो. म्हणून हाताची भाषा. त्यांनी डावा हात लांब केला की मी डावीकडं सरकायचं. हात वर करून कलता केला की पट्टी सरळ करायची. दोन्ही हात वर नेऊन खाली आणले की झालं, उचला. सकाळच्या कोवळ्या उन्हात, पाण्यावर धूर तरंगत असायचा तेव्हा, त्या बाईचे हात बगळ्याच्या पंखासारखे उघडायचे-मिटायचे, आणि मला वाटायचं, जगात एक तरी माणूस असं आहे की जे मला सरळ उभं करायच्या नादात इतकं आहे. सुलतान बाजारातून घेतलेली निळी छत्री त्यांच्याकडं होती. ती त्या काठीला बांधून यंत्रावर उभी करायच्या. यंत्राला ऊन लागलं की ते चुकतं. ऊन मग सगळं त्यांच्या अंगावर. उन्हाळा संपेस्तोवर मॅडमचा रंग भाजलेल्या विटेसारखा व्हायचा, आणि यंत्र आपलं गोरंपान.

विटेचं नाव निघालंच, तर पुढं सांगतोच.

बरकतपुऱ्यात त्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मूळ नांदेडकडच्या. सकाळी स्कूटर काढायच्या, मागं मी, आणि माझ्या हातात पट्टी, मिटवलेली असली तरी माझ्या डोक्याच्या वर जाणारी. काचीगुड्याच्या चौकात एकदा एक ऑटोवाला ओरडला, "मामू, कौनसी पार्टी का झंडा है?" मॅडमनी मान न वळवता सांगितलं, "पानी की पार्टी." ऑटोवाला म्हणला, "तो हारेंगे!" आणि हिरवा दिवा लागला.

त्यांच्याकडून मी एक शिकलो. समुद्राला रोज दोनदा भरती-ओहोटी येती म्हणतात. मी समुद्र बघितलेला नाही. त्या म्हणायच्या, "आपल्या तळ्यालाही येते, किशनराव, फक्त हळू. भाद्रपदात भरती, वैशाखात ओहोटी. वर्षाचा एक श्वास." आणि माणसं तळ्याला भेटायला येतात ती नेमकी वैशाखात, श्वास सोडलेला असतो तेव्हा. मोकळी जमीन दिसती, भेगाळलेली, तिच्यावर शेळ्या फिरतात. मग त्यांना वाटतं, ही जागा तर रिकामीच आहे.

तसाच एक गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, आला. शहराच्या पूर्वेचं तळं. गाळ काढायचा, काठाला दगडी भिंत बांधायची, भिंतीवर फिरायला रस्ता, रस्त्याकडंनं खाण्यापिण्याची दुकानं. वाईट नव्हतं काही. पण कायदा असा की तळं काठोकाठ भरल्यावर पाणी जिथं थांबतं ती रेघ आधी आखायची, आणि रेघेच्या आत एक वीटसुद्धा ठेवायची नाही. त्या काठाला पाणकणसाचं, पुरुषभर उंच गवताचं, मोठं रान होतं. जांभळ्या पाणकोंबड्या तिथं घरटी करायच्या. लाल चोच, लाल पाय, चालायच्या अशा की जणू हापिसात उशिरा आलेल्या बायका. रेघ त्या रानाच्या बाहेरून गेली तर रान वाचलं, आतून गेली तर रानावर भिंत.

आणि रेघेच्या आत पहिली वीट मीच ठेवली.

झालं असं. चिखलात पट्टी रुतू नये म्हणून तिच्याखाली ठेवायला एक पातळ लोखंडी तबकडी हापिसानं दिलेली. ती बायकोनं लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवली, आणि मी तिला विचारायला घाबरलो. बाईपुढं सरकार चालत नाही. मग मी आपली हुशारी केली. वाटेत एक वीट उचलली. जिथं चिखल, तिथं वीट, विटेवर पट्टी, आणि विटेच्या कडेला माझा नव्या चपलेतला पाय. माझे पाय पाणकणसात, मॅडमना दुर्बिणीतून दिसणार फक्त आकडे. पट्टी सरळ, मी सरळ, मनात मी स्वतःला शाबासकी पण दिली. जमीन मात्र कागदावर विटेएवढी वर उचलली गेली. सपाट काठावर विटेएवढी उंची म्हणजे शंभर पावलं तळं. ते मी एका चपलेसाठी देऊन बसलो.

नकाशा झाला. मॅडमनी सही केली. सोमवारी फाइल वर जाणार होती. पण त्यांची एक रीत होती: कागद पुरा झाला की यंत्र न घेता तळ्यावर जायचं आणि नकाशा पाण्याला दाखवून आणायचा. हापिसात सगळे हसायचे त्यावर. मी पण हसायचो, कारण सगळे हसताना आपण हसलं नाही तर आपल्यावर हसतात.

तर शनिवारी सकाळी आम्ही गेलो. करंज फुलांनी पांढरा-जांभळा झालेला, खाली फुलांचा सडा, त्यावर मधमाश्या. मॅडमनी नकाशा मांडीवर पसरला, झाडाकडं बघितलं, परत नकाशाकडं. कागदात करंज रेघेच्या बाहेर होता, कोरडा. आणि करंजाच्या बुंध्याला मागल्या भाद्रपदातली गाळाची करडी रेघ होती, सांडवा वाहत होता त्या दिवसांतली. त्या उकिडव्या बसल्या. चार बोटं आडवी लावली. जमिनीपासून रेघेपर्यंत बरोब्बर चार बोटं. परत लावली. तिसऱ्यांदा लावली.

"किशनराव, कागद खोटं बोलतोय का झाड?"

"कागद तुमचा, झाड सरकारचं. मी गरीब कुणाला खोटं म्हणू?"

पण त्यांच्या चार बोटांकडं बघता बघता माझं लक्ष पाणकणसात गेलं, आणि तिथं माझी वीट पडलेली होती. लाल, निवांत. तिची जाडी पण चार बोटं.

"मॅडम, वीट."

"कसली वीट?"

मी उचलून आणली आणि बुंध्याला लावली. वरची कड गाळाच्या रेघेला जाऊन चिकटली.

त्यांनी वीट हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. पाण्यावरून ऊन उसळून त्यांच्या तोंडावर हलत होतं, म्हणून त्या रागावल्यात की काय ते कळेना. मला रोजंदारीचं हजेरीपुस्तक दिसायला लागलं, त्यात माझं नाव, नावावर काट.

"सगळीकडं ठेवली होती?"

"नाही मॅडम. जिथं चप्पल भिजत होती तिथंच."

"आणि चप्पल कुठं कुठं भिजली, आठवतं?"

"चपलेला आठवत असेल."

आणि मॅडम हसल्या. पहिल्यांदा आवाज करून. पाणकणसातनं दोन कोंबड्या फडफडत उठल्या. मग डोळे पुसून म्हणल्या, "वीट मोजून वजा करता आली असती. चप्पल कशी वजा करू? उद्यापासून परत. सगळं. आणि अनवाणी."

दुसऱ्या दिवशी गुत्तेदार गाडी घेऊन आला, हापिसातून त्याला कळलं असणार. वाईट बोलला नाही, मायेनंच बोलला. "चार उंगल का फरक है मेडम. चार महिन्यां रह गए आपके रिटायर होने को. कायकू परेशान होते? कौन देखताय?"

मॅडम दुर्बिणीला डोळा लावूनच होत्या.

"पानी देखता, साब."

तीन दिवस आम्ही परत मोजलं. तबकडी बरणीवरून सुटून आली. तिला लोणच्याचा वास, म्हणून काठावर टेकलो की माझ्या पायाला मुंग्या डसायच्या. बायकोला सगळं सांगितलं तर म्हणली, "विटेवर देवानं उभं राहावं, तू कशाला राहिलास?" मी चिखलात गुडघाभर, आणि पलीकडं निळ्या छत्रीखाली ते यंत्र, छत्रीबाहेर ती बाई. तिचा हात वर व्हायचा, जरासा कलायचा. सरळ. अजून सरळ.

नवी रेघ करंजाच्या पुढं शंभर पावलं गेली. परवानगी मिळाली: गाळ काढा, पण मधला, आणि पाणकणसाला हात न लावता, भिंत बांधा, पण रेघेच्या बाहेर. फाइलीत मॅडमनी लिहिलं, पट्टीखालची चूक माझ्या नजरेतून सुटली. कारकुनानं मला वाचून दाखवलं. मी पळत गेलो.

"मॅडम, चूक माझी, नाव तुमचं, हे काय बरोबर न्हाई."

"दुर्बीण कुणाच्या डोळ्याला होती?"

"तुमच्या."

"मग? तुम्ही पट्टी धरा."

वरून खुलाशाचा कागद आला, त्यांनी उत्तर दिलं. निरोपाच्या दिवशी मोठे साहेब भाषणात म्हणले, "एक चूक सोडली तर सर्व सेवा निष्कलंक." मी मागच्या खुर्चीत पेढा हातात धरून बसलो होतो, तो तोंडात जाईना. ती एक चूक चपला घालून बसली होती तिथं. मॅडमनी माझ्याकडं बघून भुवई उडवली. मी पेढा खाल्ला.

त्याच्या आधीच भाद्रपदात तळं भरलं होतं. मॅडम एका सकाळी बूट काढून करंजापाशी पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी घोट्याला, बुंध्याशी चार बोटं. पाणकणसातून कोंबडीची पिल्लं, काळ्या कापसाच्या बोळ्यांसारखी, आईमागं गेली. पलीकडं, बरंच मागं, भिंतीचं काम चाललं होतं, आणि दगडावर टाकीचा आवाज पाण्यावरून टिचत येत होता. नकाशा पाण्याला दाखवून झाला होता.

काचीगुड्याहून सकाळच्या गाडीनं त्या नांदेडला भावाकडं गेल्या. छत्री मला दिली. गाडी हलली, आणि मी मान खाली घालून उभा. वर बघितलं तर डब्याच्या दारात त्यांचा एक हात वर होता, जरासा कललेला. सरळ धरा. मी सरळ झालो. मग दोन्ही हात वर गेले आणि खाली आले.

आता नवं यंत्र आलंय, त्यात माणूस सरळ दिसतो. नवे साहेब भले आहेत, पण यंत्रातून मी सरळ दिसायला लागल्यापासून माझ्यात बघण्यासारखं काही उरलं नाही असं वाटतं. भिंतीवर संध्याकाळी लोक फिरतात, मक्याची कणसं खातात, पोरं पाणकोंबड्यांना नावं देतात. मी भाद्रपदात एकदा करंजापाशी जातो, चपला लांब काढून, आणि पाणी उतरलं की बुंध्यावरची ताजी रेघ बघतो. माणूस निघून गेलं की दिवस त्याच्यामागं वाळत जातात, भेगा पडतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला जागा रिकामी दिसती. पण ते आपल्यात कुठवर भरून आलं होतं त्याची रेघ राहती, आणि ती मोजायला चार बोटं पुरतात.